शरीर पुढे, मन मागे: वयात येणाऱ्या मुलींना स्वतःचं शरीर परकं का वाटतं

शाळेचा कार्यक्रम आटोपला होता. कुणाच्या तरी आईच्या मोबाईलवर ग्रुप फोटो आला आणि सात-आठ मुली त्यावर तुटून पडल्या. फोटोत एकोणीस जणी, मधोमध जिंकलेली ढाल, सगळ्या खळखळून हसताहेत. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नववीतल्या मुलीनं मोबाईल हातात घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. शेवटी पडद्यावर फक्त तिचा उजवा दंड उरला. चेहरा नाही, ढाल नाही, मैत्रिणी नाहीत. मग हळूच म्हणाली, "बाई, त्यांना हा फोटो डिलीट करायला सांगता का?"

"अगं, छान दिसतेयस की!" हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. मी जीवशास्त्र शिकवते. वयात येताना मुलींच्या शरीरात काय काय होतं ते फळ्यावर आकृत्या काढून सांगते. तरी त्या क्षणी मला तेवढंच सुचलं. ते वाक्य तिच्या कामाचं का नव्हतं आणि कामाचं काय असतं, हे कळायला मला पुढे बराच काळ लागला.

'बॉडी इमेज' हा शब्द आता मुलींच्याही तोंडी असतो. आपल्या शरीराचं जे चित्र आपल्या मनात असतं, ते म्हणजे बॉडी इमेज. डोळ्यांना काय दिसतं, त्यावर मन काय बोलतं, त्यानं जिवाला कसं होतं आणि मग आपण कसं वागतो, हे सगळं त्यात आलं. भर उन्हाळ्यात जॅकेट न काढणं, पोक काढून चालणं, पोहण्याच्या तासाला दर वेळी नवं कारण सांगणं, हेही त्यातच. प्रत्यक्ष शरीर आणि हे मनातलं चित्र यांची गाठ फार सैल असते. म्हणून तर काडीसारखी मुलगी 'मी जाडी आहे' म्हणून रडते आणि तिच्या दीडपट अंगाची मुलगी बिनधास्त मैदानात उतरते. शरीर बदललं की चित्र आपोआप सुधारेल हा हिशेबही त्यामुळेच बहुतेक वेळा चुकतो. पाच किलो उतरतात आणि नजर दंडावरून पोटावर जाऊन बसते.

शरीराचं वेळापत्रक

मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान कधीही होऊ शकते. पाच वर्षांचा फरक हा थोडाथोडका नाही. एकाच बाकावर बारा वर्षांच्या दोघी बसलेल्या असतात. एक अजून लहान मूल दिसते, दुसरीची पाळी सुरू होऊन वर्ष झालेलं असतं. डॉक्टरांच्या दृष्टीनं दोघीही अगदी ठीक असतात. त्या दोघींना मात्र एकमेकींकडे बघून आपल्यातच काहीतरी चुकलंय असं वाटत असतं. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जेम्स टॅनर आणि त्यांचे सहकारी मार्शल यांनी १९६९ साली मुलींच्या या वाढीचे पाच टप्पे मांडले. डॉक्टर आजही तेच टप्पे वापरतात. त्यांच्या निरीक्षणांतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की वाढ केव्हा सुरू होईल आणि किती वेगानं होईल, यात निरोगी मुलींमध्येही प्रचंड फरक असतो.

बहुतेकींना पहिली खूण जाणवते ती छातीवरची छोटीशी गाठ. ती अनेकदा आधी एकाच बाजूला येते आणि दुखतेही. ही स्तनांची सुरुवात आहे, दुसरी बाजू काही महिन्यांत येते आणि दोन्हींच्या आकारात थोडा फरक पुढेही राहू शकतो, हे कुणी वेळेवर सांगितलेलं नसेल तर मुलगी काय समजते? मला एकीनं विचारलं होतं, "बाई, कॅन्सर किती दिवसांत कळतो?" दीड महिना ती हा प्रश्न घेऊन एकटीच झोपत होती.

त्यानंतर उंची झपाट्यानं वाढू लागते. पाळी येते ती साधारण सुरुवातीनंतर दोन-अडीच वर्षांनी. तोपर्यंत उंचीची मोठी उडी मारून झालेली असते, पुढे बहुधा पाच-सात सेंटिमीटरच वाढतात. आणि ही उडीही सगळं शरीर एका तालात मारत नाही. आधी पावलं आणि पंजे, मग हातापायांची लांब हाडं आणि सर्वांत शेवटी धड. म्हणून काही महिने पावलं भलतीच मोठी, हात लांबलचक आणि बाकीची मुलगी मागे राहिलेली, असं दिसतं. दाराला कोपर लागतं, ग्लास सांडतो, घरात 'वेंधळी' हे नाव पडतं. तिच्या शरीराची मापं दर दोन महिन्यांनी बदलत असतात, एवढंच.

आता ज्या गोष्टीपायी सर्वांत जास्त रडू येतं, तिच्याबद्दल. वयात येण्याआधी मुलगा आणि मुलगी यांच्या शरीरातल्या चरबीचं प्रमाण जवळपास सारखं असतं. नंतर इस्ट्रोजेन या हार्मोनच्या प्रभावाखाली मुलींमध्ये ते वाढतं, आणि वाढ पूर्ण होते तेव्हा निरोगी मुलीच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबीचा असतो. कंबर, मांड्या, छाती, दंड या ठिकाणी ती साठते. ही आळसाची किंवा जास्त खाण्याची शिक्षा नसते. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात आणि त्यावरून मेंदूला कळतं की साठा पुरेसा आहे, पाळीचं चक्र चालवता येईल. साठा फार कमी झाला की मेंदू ते चक्र थांबवतो, आणि खाणं तोडणाऱ्या मुलींची पाळी जाते ती याच कारणानं. हाडांचंही तसंच. उंचीच्या उडीच्या आगेमागे जी दोनेक वर्षं असतात, त्यात मोठेपणीच्या हाडांतला सुमारे पाव भाग खनिज साठा जमा होतो. म्हणजे शरीराला सर्वांत जास्त सामान लागतं त्याच वर्षांत मुलगी जेवण टाळायला शिकते. हे मला फार लागतं. फळ्यावर हाडाची आकृती काढताना दर वर्षी लागतं.

मुरुमं येतात ती हार्मोनमुळे तेलग्रंथी जोरात काम करू लागल्यानं. चेहरा नीट धुतला नाही म्हणून ती आली, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. मांड्यांवर, कमरेवर पांढऱ्या-लालसर रेघा उठतात त्या त्वचेला ताण बसल्यानं. दोन्ही अगदी सर्रास आढळतात.

लवकर वयात येणाऱ्या मुलींची वाट थोडी जास्त खडतर असते, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. शरीराबद्दल नाराजी आणि नैराश्य, दोन्हींचा धोका त्यांना जास्त असतो. कारण उघड आहे. दहा वर्षांच्या मुलीला पंधरा वर्षांची समजून लोक बघतात, बोलतात, टोकतात, आणि आत तिचं वय दहाच असतं.

मनातले प्रेक्षक

शरीर बदलत असतानाच मेंदूही बदलत असतो. दुसरे आपल्याबद्दल काय विचार करत असतील, याची कल्पना करण्याची ताकद या वयात एकदम वाढते. नवी ताकद आली की ती जिथे तिथे वापरली जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली याला 'काल्पनिक प्रेक्षक' म्हटलं. मुलगी वर्गात शिरते तेव्हा तिच्या मनात सगळा वर्ग तिच्या कपाळावरच्या मुरुमाकडे बघत असतो. तिला खोटं सांगायचं नसतं, तिला खरंच तसं वाटतं.

प्रत्यक्षात लोक किती बघतात? मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी वर्गात हमखास सांगते. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एका गायकाचा मोठा चेहरा छापलेला, त्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालायला लावला आणि इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत क्षणभर पाठवलं. नंतर विचारलं, कितीजणांच्या लक्षात आलं असेल? त्यांचा अंदाज होता जवळपास निम्म्यांच्या. खोलीतल्यांना विचारलं तर जेमतेम पाव लोकांना तो चेहरा सांगता आला. वर्गात हे सांगितलं की मुली आधी हसतात, मग गप्प होतात. कारण उरलेले तीन चतुर्थांश लोक काय करत होते, हे त्यांना आपसूक कळतं. तेही स्वतःच्याच काळजीत होते.

तुलना करणं हा मुलींचा दोष नाही. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ सालीच मांडलं होतं, की जिथे मोजायला पक्कं माप नसतं तिथे माणूस दुसऱ्याशी ताडून बघतो. 'मी दिसायला बरी आहे का' याला फूटपट्टी नाही, म्हणून शेजारच्या मुलीकडे बघितलं जातं. प्रश्न असा, की ताडून बघायला समोर कोण आहे.

याचं एक उदाहरण सतत दिलं जातं आणि ते दिलंच पाहिजे. फिजी बेटांवरच्या नाद्रोगा भागात १९९५ पर्यंत टीव्ही नव्हता. भरलेलं, धट्टंकट्टं शरीर तिथे चांगलं मानलं जायचं. टीव्ही आल्यानंतर काही आठवड्यांतच ॲन बेकर या संशोधिकेनं तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली आणि तीन वर्षांनी, १९९८ साली, पुन्हा केली. खाण्याच्या सवयींबद्दलच्या प्रश्नावलीत काळजी वाटावी असे गुण मिळालेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या होत्या. वजन ताब्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी पहिल्या वेळी एकही मुलगी नव्हती, दुसऱ्या वेळी ११.३ टक्के होत्या. दोन्ही गट साठ-पासष्ट मुलींचेच होते आणि दुसऱ्या वेळच्या मुली वेगळ्या होत्या, म्हणून या आकड्यांवर फार मोठी इमारत बांधू नये. पण तीन वर्षांत एवढी उलथापालथ पडद्यावरच्या चित्रांच्या संगतीत झाली, एवढं तरी त्यातून दिसतं.

तेव्हा पडद्यावर अनोळखी नट्या होत्या. आता मोबाईलवर वर्गातलीच मैत्रीण असते, फिल्टर लावलेली, आणि खाली आकडा असतो. नटीशी बरोबरी करता येत नाही हे मुलीला कुठेतरी ठाऊक असतं, मैत्रिणीच्या बाबतीत ती पळवाट उरत नाही.

त्यात कॅमेरा स्वतःही फसवतो, आणि हे मुलींना सांगितलं की त्यांना खरोखर हलकं वाटतं. सेल्फी घेताना मोबाईल चेहऱ्यापासून हातभरही लांब नसतो. जवळून काढलेल्या फोटोत जवळची गोष्ट फुगते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासात दिसलं, की दीड मीटरवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत तीस सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के मोठं दिसतं. आणखी एक गंमत. आपल्याला आपला आरशातला, म्हणजे उलटा, चेहरा सवयीचा असतो. १९७७ सालच्या एका प्रयोगात लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटवलेला फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ फोटो आवडला. दुसऱ्यानं काढलेल्या फोटोत 'मी अशी कशी दिसते' असं वाटतं त्यामागे बऱ्याच अंशी एवढंच असतं. तुमच्या माणसांना तोच चेहरा ओळखीचा आणि आवडता आहे.

फोटोवर 'हा बदललेला आहे' अशी सूचना छापून प्रश्न सुटेल असं पुष्कळांना वाटलं. फ्रान्सनं २०१७ साली जाहिरातींतल्या मॉडेलचं अंग कॉम्प्युटरवर बारीक किंवा जाड केलेलं असेल तर तसं छापणं सक्तीचं केलं. हेतू चांगला होता, पण अशा सूचनांचे जे प्रयोग झाले त्यांत बहुतेक ठिकाणी मुलींना बरं वाटल्याचं दिसलं नाही. फोटो खोटा आहे हे डोक्याला कळतं आणि पोटात खड्डा पडायचा तो पडतोच. बघण्याचा वेळच कमी करणं जास्त कामाचं दिसतं. २०२३ साली कॅनडातल्या एका प्रयोगात मनानं त्रस्त असलेल्या १७ ते २५ वयाच्या सव्वादोनशेच्या आसपास मुला-मुलींपैकी निम्म्यांना सोशल मीडिया दिवसाला तासाभरावर आणायला सांगितलं. तीन आठवड्यांत त्यांचं आपल्या दिसण्याबद्दलचं आणि वजनाबद्दलचं मत सुधारलं. मोबाईल हिसकावून घ्यायची गरज पडली नाही.

नजर बाहेर जाऊन उभी राहते

आता मी या सगळ्याच्या गाभ्याशी येते. लहान मूल शरीराच्या आतून जगतं. पळावंसं वाटलं, पळालं. सात वर्षांच्या मुलीला विचारा, तुझे पाय कसे आहेत? ती म्हणेल, जोरात पळतात. तेराव्या वर्षी तोच प्रश्न विचारा, ती पायांकडे वाकून बघते आणि मग उत्तर देते. मधल्या सहा वर्षांत तिची नजर शरीरातून बाहेर पडून समोर जाऊन उभी राहिलेली असते, एखाद्या परक्या माणसासारखी. बार्बरा फ्रेड्रिकसन आणि टोमी-ॲन रॉबर्ट्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली हे नीट मांडलं. ज्या मुलीकडे वर्षानुवर्षं बघण्याची वस्तू म्हणून बघितलं जातं, ती हळूहळू स्वतःकडे तसंच बघायला शिकते. मग तिच्या लक्षातला एक तुकडा कायम पहाऱ्यावर असतो. टी-शर्ट वर तर गेला नाही? पोट आत आहे ना? या बाजूनं हनुवटी कशी दिसत असेल?

पुढच्याच वर्षी फ्रेड्रिकसन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थिनींना स्वेटर घालायला दिला, काहींना पोहण्याचा पोशाख, आणि बंद खोलीत, एकटीनं, आरशासमोर. मग त्याच कपड्यांत गणितं सोडवायला दिली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना कमी गुण मिळाले. मुलग्यांमध्ये असा फरक पडला नाही. कुणी बघत नव्हतं, तरीही. एका प्रयोगाला फार ताणू नये, पण पहाऱ्याला बुद्धी खर्च होते हे मला वर्गात रोज दिसतं. उत्तर येत असूनही मुली हात वर करत नाहीत, कारण हात वर केला की बाही खाली येते आणि दंड दिसतो.

म्हणूनच 'छान दिसतेस' हे वाक्य त्या दिवशी कामाचं नव्हतं. त्यानं निकाल बदलतो, खटला चालूच राहतो. तिची नजर बाहेरच उभी राहते, फक्त या वेळी पसंतीची मान हलवते. उद्या ती मान हलली नाही तर काय, ही धास्ती वर उरते.

माझ्याकडून घडलेली एक चूक इथे सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वी सुट्टीनंतर एक मुलगी चांगलीच बारीक होऊन आली. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे वा, काय छान झालीस गं!" तिचा चेहरा उजळला. दोन महिन्यांनी ती प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. पाळी चार महिने आली नव्हती, पाठीच्या मणक्यांवर बाकाचे वळ होते आणि थंडी वाजते म्हणून ती दोन स्वेटर घालत होती. बरी झाल्यावर तिनं मला कसलाही राग न ठेवता सांगितलं, "बाई, मी थांबणारच होते. पण तुम्ही म्हणालात ना, म्हणून ठरवलं की अजून थोडं."

मोठ्यांच्या बोलण्याचं वजन इतकं असतं. घरच्यांनी वजनावरून चिडवलेल्या मुलींमध्ये खाण्याचे विकार आणि उदासी जास्त आढळते, हे अनेक अभ्यासांत आलं आहे. चिडवणं प्रेमानं केलेलं असलं तरी. आईनं आरशासमोर उभं राहून स्वतःच्याच पोटाला नावं ठेवणं हेही मुलगी टिपत असते. आणि 'जरा डाएट कर' हा सल्ला तर दुधारी. किशोरवयात डाएट करणाऱ्या मुलींचं वजन पुढच्या काही वर्षांत न करणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलेलं दिसतं आणि खाण्याचे विकारही त्यांच्यात जास्त दिसतात. उपासमारीनं मनाचं काय होतं हे १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात बघितलं गेलं. ३६ निरोगी तरुण पुरुषांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. ते चिडचिडे आणि उदास झाले, मित्रांत मिसळेनात, रात्रंदिवस खाण्याचाच विचार करू लागले, काहींनी तर पाककृतींची पुस्तकं जमवली. दिसण्याचा तिथे काही संबंधच नव्हता. तेव्हा अर्धपोटी मुलगी तुसडी वागते, अभ्यासात लक्ष देत नाही, तेव्हा तिचा स्वभाव बिघडलाय असं समजण्याआधी ती जेवली का, हे बघावं.

आत्मविश्वास येतो कुठून

आत्मविश्वास आधी मनात भरायचा आणि मग काम करायला निघायचं, असं आपल्याला वाटतं. आरशासमोर उभं राहून 'मी सुंदर आहे' म्हणायला मुलींना सांगितलं जातं ते त्यातूनच. ज्या मुलीचा त्यावर विश्वास नाही तिला प्रत्येक वेळी आतून 'नाहीस' असं ऐकू येतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली मांडलेली उपपत्ती मला जास्त खरी वाटते. 'हे मला जमेल' हा भरवसा येण्याचे त्यांनी चार मार्ग सांगितले: स्वतः काही करून जमवणं, आपल्यासारख्याच कुणाला ते जमताना बघणं, दुसऱ्यानं धीर देणं आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यात सर्वांत बळकट पहिला. आपण मोठी माणसं सगळा जोर तिसऱ्यावर लावतो.

ती दंडवाली मुलगी मायक्रोस्कोपच्या कामात हुशार होती. कांद्याचा पापुद्रा चिमट्यानं इतका पातळ आणि सुरकुती न पडता काढायची की मलाही तसा जमत नाही. विज्ञान प्रदर्शनात मी तिला पाचवीच्या मुलांना पेशी दाखवायला बसवलं. ती नेहमीप्रमाणे जॅकेट घालून आली. पापुद्रा काचेवर ठेवताना बाहीचं टोक सारखं पाण्यात जायला लागलं. दोनदा तिनं ते पुसलं. रांगेतली मुलं "ताई, माझा नंबर कधी?" करत होती. तिसऱ्या वेळी तिनं वैतागून जॅकेट काढलं, खुर्चीवर टाकलं आणि कामाला लागली. दोन तास. हात हवेत, दंड उघडे, आणि "हलू नकोस, आधी मोठा गोल फिरव, मग बारीक" असं दरडावणं. मी लांबून बघत होते आणि जवळ जायचं टाळत होते.

पुढच्या सोमवारी जॅकेट परत अंगावर होतं. हे मुद्दाम सांगते, कारण एका दिवसात कुणी बदलत नाही. पण ते दोन तास तिची नजर शरीराबाहेर नव्हती, काचेच्या पट्टीवर होती. आपल्याला मुलींच्या आठवड्यात असे तास वाढवायचे आहेत. खेळ, वाद्य, सुतारकाम, नाटक, शेजारच्या लहान मुलांना शिकवणं, काहीही चालेल. ते थोडं कठीण असावं आणि त्यात जमणं-न जमणं तिचं तिला दिसावं. खेळ विशेष चांगला, पण याच वयात मुली खेळ सोडतात, आणि कारणं पुष्कळदा साधी असतात. नीट बसणारी ब्रा नसते, पाळीचे डाग पडतील ही भीती असते, तंग गणवेशाचा संकोच असतो. ती कारणं दूर करणं मोठ्यांच्या हातात आहे. आणि 'वजन कमी होईल' हे कारण देऊन तिला खेळायला पाठवू नका. मग मैदानही आरसाच होतं.

मुलीला स्वतःला करता येण्यासारख्या एका गोष्टीवर चांगलं संशोधन आहे. आपलं शरीर काय काय करतं ते लिहून काढायचं, दिसण्याचा एकही शब्द न आणता. 'माझे हात' असं लिहून पुढे: वेणी घालतात, धाकट्याला उचलतात, चित्र काढतात, मैत्रीण रडली तर तिच्या पाठीवरून फिरतात. असं काही दिवस लिहिलेल्या तरुण मुलींना आपल्या शरीराबद्दल जास्त बरं वाटल्याचं दिसलं आहे. स्वतःच्या शरीरावर प्रेम करायलाच हवं असा हट्ट मात्र नको. पुष्कळ मुलींना ते एक नवं ओझं होतं: आधी बारीक व्हायला जमलं नाही, आता प्रेम करायलाही जमत नाही. शरीराशी बरं नातं म्हणजे दिवसातला बराच वेळ त्याचा विचार न येणं. तेवढं पुरे असतं.

आणि ती 'मी जाडी दिसते' म्हणाली तर? लगेच खोडून काढू नका. "आज असं कशामुळे वाटलं?" एवढं विचारा आणि थांबा. दहापैकी आठ वेळा कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं, कपडे बदलताना नाही तर ग्रुपवर. खरं बोलणं तिथून सुरू होतं.

काही खुणा दिसल्या तर मात्र बोलत बसण्यात वेळ घालवायचा नाही, डॉक्टरांकडे जायचं. सगळ्यांबरोबर जेवण टाळणं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन दार लावणं, पाळी थांबणं, सारखी थंडी वाजणं, केस गळणं, चक्कर येणं, दिवसात बऱ्याचदा वजन करणं, ताप असतानाही व्यायाम न सोडणं. ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीनं खाणं तोडण्याचा आजार, हा मानसिक आजारांमधला सर्वांत जीवघेण्या आजारांपैकी एक आहे, आणि तो अंगकाठीवरून नेहमी ओळखू येत नाही. एखाद्याच अवयवाच्या विचारानं मुलगी तासन्‌तास आरशासमोर अडकत असेल, शाळेत जायला तयार नसेल, तर तोही एक आजार असू शकतो. त्याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात, तो बहुतेकदा बारा-तेराव्या वर्षाच्या आसपास सुरू होतो आणि त्यावर उपचार आहेत. स्वतःला इजा करण्याचं किंवा जगावंसं वाटत नसल्याचं ती बोलली, तर त्याच दिवशी जायचं. दोन्ही आजारांत लवकर सुरू केलेल्या उपचारांचा फार उपयोग होतो.

शरीरावरची नाराजी कमी करण्याची एक पद्धत जगभर बऱ्याच ठिकाणी वापरली जाते आणि तिचे परिणाम वारंवार तपासले गेले आहेत. मुलींना उपदेश करायचा नाही, त्यांनाच बोलायला लावायचं. विशिष्ट बांध्याच्या मागे लागण्याची किंमत काय, हे त्यांनी आपल्या शब्दांत मांडायचं, आणि त्यातलाच एक भाग म्हणून आपल्याहून लहान मुलीला पत्र लिहायचं. जे स्वतः मोठ्यानं सांगितलं त्याच्या विरुद्ध वागणं मनाला जड जातं, म्हणून ते टिकतं.

गेल्या वर्षी मी दहावीच्या मुलींना असं पत्र लिहायला सांगितलं, पाचवीतल्या, नाव न माहीत असलेल्या मुलीला. काहींनी दोन पानं लिहिली, काहींनी चार ओळी. जॅकेटवाल्या मुलीचं पत्र अर्ध्या पानाचं होतं. त्यात तिनं दंडाबद्दल काही लिहिलं नव्हतं. पहिल्याच ओळीत होतं: "तुझी पावलं आधी वाढतील. बूट लहान झाले म्हणून आईला लगेच सांग, लपवू नकोस. बाकीची तू मागून येतेच आहेस."